माळ्यावरचे तीन जोडे

दिवाळीच्या साफसफाईत आईनं माळ्यावरून तीन खोके खाली टाकले, टाकले म्हणजे खरोखरच वरून धपकन सोडले, आणि तिथूनच ओरडली, "हे मढं काहून ठेवलं रे घरात? ना जाळता येत ना पुरता येत." तीनही खोक्यात माझे पळायचे जुने जोडे होते. आणि बोलली ते शंभर टक्के खरं होतं, जाळता पण येत नाही आणि पुरता पण येत नाही, त्यावर खाली येतोच.

आधी सांगतो, मी काही मोठा रनर वगैरे नाही. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडं आमचं गाव, गावात माझं सेतू केंद्र, म्हणजे दिवसभर खुर्चीत बसून सातबारा, दाखले, पीक विमा आणि भरतीचे फॉर्म. काही वर्षांआधी शुगर बॉर्डरला आली, डॉक्टर म्हणले चाला नाहीतर गोळ्या चालू करतो. चालायला लागलो, मग चालता चालता पळायला लागलो. आमच्या फाट्याच्या रस्त्यावर पहाटे पाच वाजता दोनच प्रकारचे लोक दिसतात, भरतीचे पोट्टे आणि शुगरवाले. आमची शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून काही जण तिच्या रुळाच्या बाजूनं पण जातात, पण तिथं गवत लय वाढलं आणि गवतात काय बसलं असंल सांगता येत नाही, मी आपला डांबरी रस्ता धरतो.

तर पहिला खोका. यातले जोडे जवळजवळ नवेच. यवतमाळवरून आणले, महाग होते म्हणून जपून ठेवले, लग्नाकार्यात घालू म्हणून. एका लग्नात घातलेसुद्धा, आणि मंडपातून पंगतीपर्यंत जाईस्तोवर मागं काळा काळा चुरा सांडत गेला. मला वाटलं कोणाचं काय सांडलं. खाली बसून पाहतो तर माझाच सोल, भिजवलेल्या सरकीच्या ढेपेसारखा बोटानं निघत होता. नंतर वाचलं तेव्हा समजलं की पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा सोल असला की हवेतला ओलावा त्याला आतून हळूहळू तोडत जातो, त्याला हायड्रोलिसिस म्हणतात, आणि न वापरता बंद खोक्यात ठेवलेला जोडा तर कधी कधी वापरातल्या जोड्याच्या आधी मरतो. म्हणजे मी जपून ठेवले तीच चूक झाली. चार पावसाळे माळ्यावर काढले बिचाऱ्यांनी. त्याचं काही करण्यासारखं नव्हतं, नाड्या तेवढ्या काढून घेतल्या.

दुसऱ्या खोक्याचं सांगताना मला अजून लाज वाटते.

काकांचा पोट्टा पोलीस भरतीची तयारी करतो. त्याचा फॉर्म मीच भरला. पोरांना १६०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५, असं ५० गुणांचं ग्राउंड, आणि एकेका गुणावर पोट्टे घरी बसतात हे मी रोज स्क्रीनवर पाहतो. हा पठ्ठ्या साध्या कॅनव्हासच्या बुटावर पळायचा. मी मोठ्या मनानं माझे जोडे त्याला दिले. धुऊन, वाळवून, नव्या नाड्या टाकून दिले, वरून दिसायला एकदम टकाटक. काकूनं मला चहा पाजला, मीही जरा फुगलो, खोटं कायले बोलू.

महिना दीड महिन्यानं पोट्टा लंगडत सेतूवर आला. दोन्ही नडग्या दुखतात म्हणे, सकाळी पहिलं पाऊल टाकताना तर जीव जातो. मी म्हटलं बाजूनं सोल सुटला असंल, म्हणून पाय वाकडा पडत असंल, चल शिवून आणू. बाजाराच्या दिवशी गाडीवर बसून दोघं दारव्ह्याला गेलो. तिथं एका बोळीच्या तोंडाशी एक म्हातारे चांभार काका बसतात, समोर आरी, रापी, सोल्युशनचा डबा आणि मेणाचा काळा पडलेला गोळा. आमच्या भागात स्पोर्ट्सचा बूट नवा घेतला तरी आधी त्यांच्याकडून चारही बाजूनं शिलाई मारून आणायची पद्धत आहे, त्यामुळे कोणता बूट किती पाण्यात हे त्यांना चांगलं माहीत.

काकांनी बूट घेतला, शिलाईच्या जागी पाहिलंच नाही. पांढऱ्या फोमवर बाजूनं अंगठा दाबला. टाचेजवळ आडव्या आडव्या सुरकुत्या होत्या, मला त्या कधी दिसल्याच नव्हत्या. मग जमिनीवर ठेवून मागून पाहिला तर बूट आतल्या अंगाला झुकलेला, म्हाताऱ्या भिंतीसारखा. म्हणाले, "वरून नवरदेव हाये, आतून बुढा झाला. शिवून पैसे घ्यायले मले काई नाही, पन याच्यानं पोट्ट्याचे पाय नाही दुखन बंद होनार."

मी तिथंच उभ्या उभ्या हिशोब लावला. रोजचे साडेचार किलोमीटर, आठवड्यात पाच दिवस, दीड वर्ष. सतराशे किलोमीटरच्या वर जाते. पळायचा जोडा साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतो असं म्हणतात, वजनावर आणि रस्त्यावर थोडंफार कमीजास्त. म्हणजे दुप्पट वापरून झालेला जोडा मी उपकार म्हणून त्या पोराच्या पायात घातला. सोलमधला तो फोम, ईव्हीए म्हणतात त्याला, त्यात बारीक बारीक हवेचे बुडबुडे असतात, ते चेपले की चेपले, मग रस्त्याचा दणका सरळ नडगीवर. वरची जाळी तशीच्या तशी राहते म्हणून आपण फसतो.

पोट्टा काही बोलला नाही. येताना गाडीवर फक्त एवढं म्हणाला, "दादा, तुमचं काई चुकलं नाही, मलेच सवय नसंल." त्याच्यानं जास्त लागलं. अर्धे पैसे मी टाकले, अर्धे त्याच्या बाबांनी, नवा जोडा घेतला. त्यानं जुने मला परत आणून दिले, धुतलेले, पिशवीत घालून. ते मी माळ्यावर टाकले कारण पाहवत नव्हते.

आता आईच्या जाळण्या-पुरण्याकडं येतो. शेजारची काकू म्हणे पाणी तापवायच्या चुलीत टाक, मस्त पेटतात. पेटतात हे खरं, पण तो काळा धूर घशात बसतो, रबर, प्लास्टिक, चिकट सगळं एकत्र जळते आणि त्यात पीव्हीसी असलं तर अ‍ॅसिडचा वायू निघते, घरात बारकी पोरं आहेत. पुरले तर तसेच राहतात, फोम आणि नायलॉन मातीत सडत नाही, पुढच्या वखरणीला फासेत अडकून वर येतात. भंगारवाला गाडी घेऊन येतो, लोखंड, पत्रा, बाटल्या सगळं घेतो, त्यानं जोडे पाहून हात जोडले. त्याचं पण बरोबर, एका बुटात चार-पाच प्रकारचा माल चिकटवलेला असते, तो वेगळा कोण करीत बसंल.

मुंबईकडं ग्रीनसोल म्हणून कंपनी आहे, श्रीयांस भंडारी आणि रमेश धामी या दोन पळणाऱ्या मित्रांनीच काढलेली, जुन्या स्पोर्ट्स बुटांच्या सोलपासून चपला बनवून गरजू पोरांना देतात. गूंज नावाची संस्थासुद्धा कपड्यांसोबत जोडे घेते. चांगलं काम आहे, शहरात राहणाऱ्यांनी जरूर द्यावेत, फक्त घालण्यालायक असतील ते द्यावेत, हे मी आता ठासून सांगू शकतो. आमच्या गावातून तीन जोडे कुरियरनं पाठवायचे म्हणजे घोड्यापेक्षा नाल महाग.

मग मी बसलो चाकू घेऊन. मेलेल्या पीयूवाल्यांचं सोडा, पण दुसऱ्या जोड्याचा फोम कापून चार चौकोन काढले आणि कूलरच्या स्टँडच्या चारही पायाखाली ठेवले. कूलर सुरू झाला की आमचं लोखंडी स्टँड रात्रभर खडखड करायचं, पुठ्ठा ठेवला की पाण्यानं लगदा व्हायचा. हा फोम पाणी पीत नाही. मार्चपासून आवाज बंद, आई पहिल्यांदा म्हणाली, चाल, काही तं कामाचं झालं. आतले मऊ सोल काढून एक बाबांच्या सायकलच्या सीटवर बांधला.

तिसरा जोडा त्यातल्या त्यात बरा होता, पळण्यासाठी गेलेला पण तळ शाबूत. तो बाबांनी उचलला. बाबा आयुष्यभर वावरात चपलेवर. रात्रीची लाईन, म्हणजे पंपाची वीज, असली की हरभऱ्याच्या ओलिताला बॅटरी घेऊन जायचं, धुऱ्यावर कापलेल्या तुरीचे खुंट, कधी काय पायाखाली येईल नेम नाही. बुटानं साप अडतो असं मी म्हणत नाही, जाळीचाच बूट तो, पण उघड्या बोटापेक्षा बरा. पावसाळ्यात मात्र घालू नका, आपली काळी माती त्या खाचांत अशी बसते की चार तासांत एकेका पायाला दोन दोन किलोचा लोंदा होतो.

आणि एक गोष्ट मी बाबांना भांडून सांगितली, फवारणीला हा बूट नाही. जाळीतून औषध आत जाते, फोम आणि कापड ते धरून ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी तोच ओलसर बूट परत पायात. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, त्यानंतरही आमच्या गावात लोक उघड्या पायानं पंप घेऊन जातात. फवारायला गमबूटच, प्लास्टिकचा, गुडघ्यापर्यंत. बाबा म्हणाले, "हाव बाप्पा, समजलं, तू तं कृषी अधिकाऱ्यासारखा बोलतं."

बाबांनी एक सवय मात्र लावून घेतली, बूट घालायच्या आधी उलटा करून पायरीवर दोनदा आपटायचा. विंचवाच्या भीतीनं. पहिल्याच आठवड्यात विंचू नाही पण टम्म फुगलेली एक बेंडकी बाहेर पडली आणि आमच्याकडं अशी पाहत बसली की जसं आम्हीच तिच्या घरात घुसलो.

पंधरा दिवस सगळं छान चाललं, मग वावरातल्या कुत्र्यानं डावा बूट नेला. बाबांनी नाल्यापर्यंत शोधला, नाही भेटला. उरलेला उजवा आईनं सांदवाडीतल्या दोडक्याच्या मांडवाला उलटा टांगला, नजर लागू नये म्हणून. दोडके अजून एकही धरले नाही. वेल मात्र बुटाच्या जाळीतून आत शिरला आणि टाचेकडून एक पिवळं फूल बाहेर काढून बसला आहे.