युरोपा फ्रेम, पुढचा हप्ता: चार फ्रँकचा गोंद

मंडळी, युरोपा या टपाल तिकिटांच्या मालिकेवर मी प्रदर्शनासाठी जी सोळा पानांची फ्रेम जमवतोय, तिच्यासाठी लक्झेंबर्ग आलं. तेच, १९५६ चं. दोन, तीन आणि चार फ्रँक, तिन्ही मिंट (न वापरलेली) आणि विक्रेत्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा तर तिन्हींना हिंज, म्हणजे अल्बममध्ये चिकटवायची कागदी पट्टी, कधी लागलेलंच नाही. पहिल्या पानावर इतके महिने रिकामी ठेवलेली जागा भरायला घेतली. दोन आणि तीन फ्रँक माउंटमध्ये (तिकीट न चिकटवता ठेवायच्या पाकिटात) बसले. चार फ्रँक अजून ग्लासिनच्या पुडीत आहे आणि बहुतेक पुडीतूनच परत जाईल.

नवीन आलेल्यांसाठी एवढंच सांगतो. १५ सप्टेंबर १९५६ ला कोळसा-पोलाद समुदायाच्या सहा देशांनी म्हणजे फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी एकाच चित्राची तिकिटं काढली. चित्र डॅनिएल गोन्झाग यांचं: ‘युरोपा’ या सहा रोमन अक्षरांचा मनोरा, भोवती परांची, मागे युरोपियन चळवळीचा झेंडा. युद्ध संपून जेमतेम अकरा वर्षं झालेली, त्यामुळे बांधकाम अर्धवट दाखवणं मला फार प्रामाणिक वाटतं. बाकी पाच देशांचे संच थोड्या चिकाटीने मिळतात. लक्झेंबर्गचा मात्र खिसा कापतो. युरोपा जमवायला घेतलेला प्रत्येक जण आज ना उद्या या तीन तिकिटांपाशी येऊन अडतो.

आता गोंद. हिंज लागलेला आणि न लागलेला यांच्या भावात या संचासाठी मोठं अंतर आहे आणि असं अंतर दिसलं की कोणीतरी जुना गोंद धुऊन नवा चढवतोच. तिकीट खरं, छपाई खरी, फक्त पाठ नवी. चार फ्रँक समोरून इतकं देखणं आहे की आधी उलटं करावंसंच वाटेना. मध्यभाग अगदी बरोबर, निळा रंग ताजा, चारही कोपऱ्यांचे दात शाबूत. उलटं केल्यावर पाठ जरा जास्तच चकाकली.

चकाकीवरून निकाल देऊ नये, हे इथे आपण पूर्वीच बोललो आहोत. दातांकडे वळलो. तिकिटांच्या अख्ख्या शीटला गोंद आधी लागतो, छिद्रं नंतर पडतात. त्यामुळे तिकीट फाडून वेगळं केलं की दातांच्या टोकाला कागदाचे तंतू मोकळे, मऊ आणि कोरडे राहतात. नंतर सुट्या तिकिटाला गोंद चढवला तर तो या तंतूंत शिरतो आणि वाळला की टोकं पापडाच्या कडेसारखी कडक होतात. जुने संग्राहक दात ओठाला हलकेच टेकवून बघतात. मी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवले. दोन फ्रँक मऊ, तीन फ्रँक मऊ. चार फ्रँकचे वरचे आणि खालचे दात मऊच लागले, पण डावी बाजू टोचली.

फक्त एकच बाजू का, याने डोकं खाल्लं. दहापट भिंगातून काही कळेना. दहापट भिंग शिक्के वाचायला आणि आरे मोजायला ठीक (आऱ्यांचं पुढे येतंय), गोंदासाठी त्याचा उपयोग नाही. यूएसबी मायक्रोस्कोप लावला तेव्हा डाव्या बाजूच्या दोन-तीन दातांवर तंतू एकमेकांना चिकटून बसलेले दिसले. एका दातावर गोंदाचा बारीक थेंब कडेवरून पुढच्या बाजूला डोकावत होता. बाकी तीन बाजूंचे तंतू इतके सारखे आणि आखूड आहेत की कोणीतरी नंतर सँडपेपरसारखं काही फिरवून ते मोकळे केले असावेत. काम करणारा हुशार होता, पण डावीकडे कंटाळला.

खात्रीसाठी श्वासाची चाचणी केली आणि तिथे सगळं बिनसलं. तळहातावर तिकीट ठेवून हलका श्वास सोडायचा, एका संचातली अस्सल तिकिटं सारखी वळतात, नवा गोंद बहुधा वेगळा वागतो. पण ठाण्यात पावसाळ्याच्या शेवटी हवेत एवढं पाणी असतं की तिन्ही तिकिटं श्वास सोडण्याआधीच वळायला लागली. तीन फ्रँक, जे मी अस्सल धरून चाललो होतो, ते तर उलट्या दिशेला वळलं. म्हणजे आता तेही संशयात? तिन्ही सिलिका जेलच्या डब्यात रात्रभर ठेवली, पुन्हा चाचणी केली, आणि दोन व तीन एका दिशेला वळली. चार जागचं हललंच नाही, ताठ. कोकणपट्टीतल्या संग्राहकांनी ही चाचणी ऑक्टोबर हीटमध्ये करावी, एरवी तिच्या नादी लागू नये.

मग अतिनील दिवा. यात एक सांगतो: ऑनलाइन स्वस्तात मिळणारे ३९५ नॅनोमीटरचे टॉर्च नोटा तपासायला ठीक असतील, आपल्या कामाचे नाहीत. त्यांचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका पडतो की सगळी तिकिटं जांभळी दिसतात. ३६५ चा घ्या, फिल्टरवाला, चार पैसे जास्त पडले तरी. त्याच्याखाली तिन्हींचा कागद समोरून सारखाच मंद दिसला. पाठीवर दोन आणि तीन फ्रँक मळकट, अंधारे. चार फ्रँक निळसर पांढरं उजळलं आणि त्यात ब्रशचे आडवे पट्टे स्पष्ट दिसले. माझ्या मते तिथेच विषय संपला.

विक्रेत्याकडून तपासणीसाठी मुदतवाढ आधीच घेऊन ठेवली आहे, त्यामुळे परतीचा मार्ग मोकळा आहे. जर्मनीतल्या बीपीपी या तिकीट-परीक्षकांच्या संघटनेच्या तज्ज्ञाकडे पाठवून दाखला घ्यावा असंही मनात आलं. पण फी, विमा, जाण्यायेण्याचं पोस्टेज, वर कस्टम्सचा कागद, हे सगळं एका तिकिटासाठी, आणि शेवटी उत्तर मला आधीच माहीत असलेलं. नको. फोटो जोडून परत पाठवतोय.

एवढं लिहून चहाला उठलो आणि वेगळाच विचार आला. पहिल्या पानाला मिंट हवंच कशाला? चार फ्रँक लागलेलं, सप्टेंबर १९५६ चा लक्झेंबर्गचा शिक्का असलेलं खरंखुरं परदेशी पत्र मिळालं, तर गोंदाचा प्रश्नच उरत नाही, आणि परीक्षकांनाही टपालातून गेलेली वस्तू बघायला जास्त आवडते. खोटे शिक्के असतात, मान्य. पण शिक्का, दर, पत्ता, पाठीवरचा पोहोचशिक्का यांचा मेळ बसतो का ते तपासता येतं. कागदावरचा पुरावा वाचणं मला गोंद वाचण्यापेक्षा सोपं जातं. तर आता शोध कव्हरचा. दोन आणि तीन फ्रँक मिंटच राहतील.

आता आनंदाच्या गोष्टी. स्वित्झर्लंडचा १९५९ चा छापील मजकूरवाला जोड मिळाला! त्या वर्षी जूनमध्ये माँत्रो इथे एकोणीस देशांच्या टपाल-दूरसंचार खात्यांची परिषद भरली, २६ जूनला सेप्ट (CEPT) या त्यांच्या संघटनेची स्थापना झाली, आणि स्विस टपालाने आपल्याच युरोपा तिकिटांवर त्या परिषदेचा मजकूर छापून वेगळा संच काढला. या फ्रेमच्या गोष्टीत याहून नेमका सांधा नाही. एका जुन्या संग्राहकाच्या घरच्या डब्यातून आला. स्टॉकबुक मात्र पीव्हीसीच्या पानांचं होतं आणि पानं तेलकट झाली होती. तिकिटं वाचली हे नशीब. स्टेशनरीच्या दुकानातली ती चकचकीत पानं कितीही स्वस्त असोत, त्यांत तिकीट ठेवू नका. माउंट म्हणाल तर मी हाविड कंपनीच्या काळ्या माउंटवर ठाम आहे, दात उठून दिसतात.

दुसरा आनंद म्हणजे १९६० चं चाक. फिनलंडच्या पेंटी राहिकाइनेन यांनी युरोपामधल्या ‘ओ’ चं टपालगाडीचं चाक केलं, एकोणीस आऱ्यांचं, सेप्टच्या एकोणीस सदस्यांसाठी. माझ्याकडे आता फिनलंड, आइसलँड, तुर्कस्तान आणि ब्रिटन यांची चाकं शेजारी शेजारी आहेत. ब्रिटनने युरोपा मालिकेत पहिल्यांदा हात घातला तो याच वर्षी, सहा पेन्स आणि दीड शिलिंग, रेनॉल्ड्स स्टोन यांच्या मांडणीत. आरे प्रत्येक तिकिटावर भिंगाने मोजले. घरच्यांनी याबद्दल मत व्यक्त केलं, ते इथे देत नाही.

आरे मोजतानाच फ्रेमचा आराखडा पुन्हा बदलला. आधी ठरलं होतं की एकसारखं चित्र असलेली सगळी वर्षं घ्यायची. १९५६ पासून १९७३ पर्यंत, मग १९८४ चा पूल, २०००, २०१६, २०२३. सोळा पानांत ते कोंबायचं म्हणजे कॅटलॉगच तयार होतो, आणि जर्मनीतलं मिशेल माझ्यापेक्षा चांगला कॅटलॉग छापतं. त्याऐवजी मोजणीचाच धागा घ्यावा. १९५६ ला सहा अक्षरं, सहा देश. १९५८ ला व्हान डेर व्होसेन यांचं ‘ई’ वर बसलेलं कबुतर, देश सहाच पण संच सात, कारण सारलँड १९५७ मध्ये जर्मनीत सामील झालं तरी तिथे फ्रँक १९५९ पर्यंत चालत होता आणि तिकिटंही वेगळी निघत होती. १९५९ ला वाल्टर ब्रूडी यांची सहा कड्यांची साखळी. १९६० ला एकोणीस आरे, १९६१ ला थेओ कुर्पर्सहूक यांची एकोणीस कबुतरं मिळून एक कबुतर, १९६२ ला लेक्स वेयर यांच्या झाडाला एकोणीस पानं. १९६४ ला जॉर्ज बेतां यांच्या फुलाला बावीस पाकळ्या, कारण तोवर सदस्य बावीस झाले. सदस्य वाढतील तसं चित्र बदलत जातं, हे कोणी टाचणी लावून दाखवलेलं मी तरी पाहिलं नाही. मध्ये १९५७ ला एकच चित्र नव्हतं आणि १९६३ चं आर्ने होल्म यांचं डिझाइन या धाग्यात बसत नाही. या दोन वर्षांना अर्धं-अर्धं पान पुरे.

या नव्या आखणीचा एक फायदा मला अजून हसवतो. लिक्टेनस्टाइनचं १९६० चं पन्नास रापेन, ज्याच्या किमतीची आपण सगळे धास्ती घेऊन बसलो आहोत, त्यावर चाक नाहीच, मधाचं पोळं आहे. सामाईक चित्र नाही म्हणजे माझ्या फ्रेममध्ये त्याला जागा नाही. विषयाची शिस्त, दुसरं काय!

१९७४ पासून फक्त विषय सामाईक राहिला, शिल्पं, चित्रं, हस्तकला, निसर्गदृश्यं, आणि १९९३ पासून पोस्टयुरोप या युरोपातल्या टपाल सेवांच्या संघटनेने कारभार घेतल्यावरही तेच चाललं. त्यात सुंदर तिकिटं खूप आहेत, पण ती वेगळी फ्रेम. अपवाद एकाचाच करावा का, हे ठरत नाही. २००० साली झां-पोल कुझां यांच्या चित्रात मुलं ताऱ्यांचा मनोरा रचतायत. गोन्झागच्या परांचीतल्या मनोऱ्याशी त्याचं नातं उघड आहे, पण बावीस पाकळ्यांनंतर थेट तिथे उडी मारली तर परीक्षक मधल्या छत्तीस वर्षांचा हिशेब विचारतील. महापेक्स या महाराष्ट्राच्या तिकीट प्रदर्शनातल्या फ्रेमवर काम केलेल्यांनी यावर बोलावं. माझा कल सध्या शेवटच्या पानाच्या तळाशी ते एकच तिकीट, एका ओळीच्या टिपेसह ठेवण्याकडे आहे.

आणि हवी आहेत: सायप्रसची १९६२ च्या झाडाची तिन्ही तिकिटं, जी प्रत्यक्षात १९६३ मध्ये निघाली. वापरलेली चालतील, शिक्का निकोसियाचा असेल तर जास्त आवडेल. बदल्यात माझ्याकडे जर्मनीची १९५९ ची साखळी भरपूर आहे, आणि तुर्कस्तानचं चाकही एक जास्तीचं आहे.