ससे उलटत असतील तर पाण्यातलं टॉनिक असं द्या

मराठवाड्यात उन्हाळा तापला की सशांच्या माद्या उलटू लागतात, म्हणजे मिलन होऊनही गाभण राहत नाहीत. दोष मादीला दिला जातो, पण बऱ्याचदा खोट नरात असते. शेडचं तापमान सतत ३० अंशांच्या वर राहिलं की वीर्य बिघडतं आणि ते सुधारायला ६ ते ८ आठवडे लागतात. म्हणून नराचं ई-सेलेनियम (ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम खनिजाचं टॉनिक) उन्हाळ्याआधीच सुरू करा. मादीला मिलनाआधी ४-५ दिवस पुरतं.

औषध पाण्यात विरघळणारंच घ्या. तेलकट असेल तर टाकीत वर तरंगतं. मात्रा लेबलप्रमाणेच. ए जीवनसत्त्व जास्त झालं तर गर्भ पोटातच मरतात, त्यामुळे दोन टॉनिकं एकत्र करूच नका. सकाळी अर्ध्या दिवसाचंच पाणी कालवा, उन्हात आणि क्लोरीनमध्ये जीवनसत्त्वं टिकत नाहीत. संध्याकाळी पाइप धुवा, नाहीतर आत बुळबुळीत थर धरतो. बोअरच्या क्षारांनी निपलही (ससे पाणी पितात त्या पाइपच्या तोट्या) चोंदतात. रोज प्रत्येक निपल बोटाने दाबून थेंब येतो का बघा.

वासामुळे ससे पाणी कमी पीत असतील तर टॉनिक लगेच बंद करा. तहानलेला ससा चाराही सोडतो. गाभण तपासणी मिलनानंतर १२ ते १४ व्या दिवशी, पोट हलक्या हाताने चाचपून.