तिने मागितले नाही

शनिवार, रात्र

शाळेतला वाचनकट्टा संपल्यावर नववीतली ती मुलगी मागे थांबली, पुस्तक टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "ताई, हे आजच जमा करून घ्या." पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर, त्यावर दुधाच्या पिशवीचे प्लॅस्टिक, आणि पान ८६ वर खुणेसाठी एसटीचे तिकीट. निम्मे पुस्तक वाचायचे राहिले होते. कारण विचारले तेव्हा ती अगदी सहज म्हणाली, "दिवाळी झाली की आम्ही ऊसतोडीला जाणार. तिकडं तळावर राहायला पाचटाची कोपी असती. भिजलं, जळलं, तर सरांच्या पगारातून कापत्यात."

तेव्हापासून माझे कशातच लक्ष नाही. पुस्तक परत आल्याचे दुःख नाही. गळीत हंगाम सुरू झाला की कट्ट्यावरची कितीतरी मुले निघून जातात, धाकट्या भावंडांना सांभाळायला मोठ्या मुलींना तर जावेच लागते, हे आमच्या तालुक्यात कोणी कोणाला सांगावे लागत नाही. मनाला लागले ते एवढेच, की तिने मागितले नाही. "बरोबर नेऊ का?" असा साधा प्रश्नही तिने केला नाही. नकार मिळणार हे धरूनच ती घरून निघाली असणार, आणि तो मला द्यावा लागू नये म्हणून तिने स्वतःच तो पत्करला.

सरांविषयीची तिची काळजी खोटी नाही. पट हजाराच्या खाली असल्यामुळे शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल मिळत नाही, अर्धवेळ जागा रिकामी आहे आणि प्रभार मराठीच्या सरांकडे आहे. पुस्तक एकदा दाखल नोंदवहीत चढले की पडताळणीत ते दिसलेच पाहिजे. नाही दिसले, तर भरपाई सरांनी करायची. म्हणून पुस्तके कार्यालयातल्या लोखंडी कपाटात राहतात, कारण ग्रंथालयाच्या खोलीत पोषण आहाराच्या तांदळाची पोती आहेत. प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तके असलेले ग्रंथालय असावे असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, पण तो आठवीपर्यंतच्या मुलांचा, आणि ती नववीत आहे. वेतनेतर अनुदान, म्हणजे पगार सोडून बाकी खर्चासाठीचे पैसे, येते तेव्हा आधी थकलेले वीजबिल भरले जाते. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन झाला, व्हरांड्यात पुस्तके मांडली, छायाचित्रे अहवालाला जोडली आणि दुपारी कपाटाला पुन्हा कुलूप लागले.

संध्याकाळी मला माझीच कीव येऊ लागली होती. देणगीची खोकी येतात त्यांत जुन्या अभ्यासक्रमाची गाईडे आणि पाने सुटलेले दिवाळी अंक निघतात. ते निवडायचे, कणे चिकटवायचे, सरांना विनवून किल्ली घ्यायची, आणि घरी रोज ऐकायचे की यातून तुला काय मिळते. इतके करूनही एका मुलीला आपल्याकडे एक गोष्ट मागावीशी वाटू नये?  

जेवणानंतर मात्र तिचे बोलणे पुन्हा आठवले. तिने स्वतःच्या दंडाचा विचार केला नव्हता, सरांच्या पगाराचा केला होता. तिच्या घरात मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, येते, तिच्यात घराची डागडुजी होते, बहिणीचे लग्न होते, आणि मग आईवडिलांचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारी ती जोडी, सगळा हिवाळा ही उचल फेडत राहतो. हंगामाच्या शेवटी काही बाकी उरलीच, तर ती पुढच्या वर्षाच्या माथी बसते. आधी घेतलेली प्रत्येक वस्तू कोणाला तरी फेडावी लागते, हे ती जन्मापासून पाहत आली आहे. अशा मुलीने पुस्तक मागितले नाही, यात माझ्यावरच्या अविश्वासाचा काही संबंध नसावा. तिने हिशेब केला आणि तो बरोबर केला. तरीही मागितले असते तर मला बरे वाटले असते, हे खरेच आहे; पण माझ्या बरे वाटण्यासाठी तिने का मागावे?

म्हणजे ज्याची बाकी राहत नाही असेच काही द्यायला हवे. त्या पुस्तकाची शाळेचा शिक्का नसलेली प्रत मी सोमवारी विकत आणणार आहे, आणि तिच्याबरोबर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे माझ्याकडचे जुने अंकही देणार आहे, कारण त्यांना दाखल क्रमांक नाही. परत आणायचे नाही, वाचून झाले की तळावरच्या दुसऱ्या मुलांना देऊन टाकायचे, असे स्पष्ट सांगितले तर ती घेईल असे वाटते. जाणाऱ्या सगळ्यांसाठीच अशा पिशव्या कराव्यात, असे मी कट्ट्यावरच्या दहावीच्या मुलींना फोनवर सुचवले. त्यांनी लगेच हरकत घेतली: गोष्टी असू द्या, पण गणिताचे एक गाईडही घाला, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आहे आणि आमच्यातल्याही दोघी जाणार आहेत. खोक्यांत नव्या अभ्यासक्रमाचे एखादे निघते का, ते उद्या सकाळी पाहते.