आमची वाटचाल : पळत्या माणसावर फोकस धरताना

पहिली काही वर्षं आमच्या स्टुडिओचं काम एका जागी थांबणाऱ्या माणसांचं आणि वस्तूंचं होतं. पोर्ट्रेट, कॅटलॉग, ग्रुप फोटो. भागीदार लाइट सांभाळायचा, कॅमेरा माझ्याकडे. तेव्हाची मिररलेस बॉडी (आत आरसा नसलेला कॅमेरा, लेन्स वेगळी) या कामाला उत्तम होती. समोरचा हलत नसला की डोळ्यावरचा फोकस केसभरही चुकत नसे. त्याच भरवशावर आम्ही शालेय क्रीडास्पर्धेचं काम घेतलं.

रिलेच्या शेवटच्या टप्प्यात एका मुलीने मागून येऊन शर्यत मारली. फीत छातीला लागली त्या क्षणाच्या सात फ्रेम माझ्याकडे होत्या. संध्याकाळी लॅपटॉपवर मोठ्या करून पाहिल्या, तर सातही फ्रेममध्ये तिच्या मागच्या फलकावरची अक्षरं लख्ख आणि तिचा चेहरा पुसट. तिच्या आईला फोन करून सांगावं लागलं की तो फोटो देता येणार नाही. त्या रागावल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. ते "बरं" फार दिवस कानात राहिलं.

आधी वाटलं, आपलाच हात कमी पडला. मग कारण शोधायला बसलो. आमची बॉडी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड-अंधारातला फरक, पाहून फोकस करणारी. चित्र सर्वांत रेखीव कुठे होतं, हे तिला लेन्स पुढे-मागे सरकवूनच कळतं. ती जागा ओलांडून गेल्यावर मागे यायचं, आणि तोवर पळणारा पुढे निघून गेलेला. फेज डिटेक्शन या दुसऱ्या पद्धतीत लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशाची तुलना होते, म्हणून कुठल्या दिशेला आणि साधारण किती सरकायचं हे लगेच कळतं. त्यावरून पुढची जागा हेरताही येते. भागीदाराने कागदावर हिशेब मांडला : फुल फ्रेम (मोठा, 35 मिमी फिल्मएवढा सेन्सर), 200 मिलिमीटरची लेन्स, तिचं तोंड एफ 2.8 इतकं उघडं, धावपटू 10 मीटरवर. शार्प दिसणारी पट्टी जेमतेम 40 सेंटिमीटरची. सेकंदाला 8 मीटर पळणारी मुलगी ती सेकंदाच्या विसाव्या भागात पार करते. तो कागद पाहिल्यावर बॉडी बदलायची, हे ठरलं.

कुठली घ्यायची यात मात्र महिने गेले. फोकस पॉइंट किती, सेकंदाला फ्रेम किती, हे आकडे वाचून काही ठरत नाही असं माझं मत आहे. आम्ही दोन बॉडी भाड्याने आणल्या. भागीदार मैदानात माझ्या दिशेने पळायचा, मी बर्स्ट (एका दमात सलग फ्रेम) मारायचो, मग दोघं बसून एकेक फ्रेम तपासायचो. तिथे भलतीच गोष्ट हाती लागली. आमची जुनी डीएसएलआरची (आरसा असलेल्या कॅमेऱ्याची) लेन्स अडॅप्टरवर, म्हणजे जोडकड्यावर, लावली की नवी बॉडीही मागे पडायची. बॉडी सेकंदाला कितीही वेळा फोकस मोजो, ते माप लेन्सच्या मोटरला पाळता आलं पाहिजे. मिररलेससाठीच बनवलेली, लिनियर मोटरची (काच सरळ रेषेत झटकन सरकवणारी) लेन्स लावली आणि त्याच बॉडीने ओळीने शार्प फ्रेम दिल्या. म्हणून पैसे आधी लेन्सवर घातले आणि बॉडी सेकंडहँड घेतली. आजही कुणी विचारलं तर हाच क्रम सांगतो.

बॉडी स्टॅक्ड सेन्सरची (एकावर एक थर असलेल्या, झपाट्याने वाचल्या जाणाऱ्या सेन्सरची) घ्यायची, यावर आम्ही अडून बसलो. 2017 साली सोनीने ए9 हा कॅमेरा आणला, तेव्हा सेकंदाला 20 फ्रेम काढताना व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) काळा न होणं आणि सेकंदाला 60 वेळा फोकसची मोजणी, या दोन्ही गोष्टी या सेन्सरमुळे जमल्या. सेन्सर झपाट्याने वाचला जातो, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक शटरवर (पडदा न हलता सेन्सरच ओळीओळीने वाचला जातो तेव्हा) हॉकीची स्टिक वाकडी दिसण्याचं प्रमाणही खूप कमी होतं. मला सर्वांत मोलाचं वाटलं ते न तुटणारं दृश्य. पळणारा नजरेआड होतच नाही.

तरी पहिल्याच स्पर्धेत चुकलो. ट्रॅकिंग, म्हणजे फोकसने माणसामागे जाणं, अगदी चपळ ठेवलं होतं. शेजारच्या लेनमधली मुलगी आडवी आली की फोकस तिच्याकडे उडी मारायचा. आता सेटिंग चिवट बाजूला ठेवतो, म्हणजे फोकस पहिल्याच माणसाला धरून राहतो. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा संथ होऊ देत नाही, कारण हालचालीची पुसटता फोकसच्या माथी मारली जाते. फोकस शटरच्या बटणाऐवजी कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावर घेतला आहे. बर्स्टही आखूड मारतो, नाहीतर रात्र निवडण्यातच सरते.

जुनी बॉडी विकली नाही. बक्षीस समारंभ आणि ग्रुप फोटो आमची सहकारी अजून तिच्यावरच काढते.

रिलेत बॅटन बदलताना मात्र अजून हातानेच काम करावं लागतं. दोन चेहरे एका चौकटीत आले की कॅमेरा पहिल्यालाच धरून राहतो. दुसऱ्या हाताची बोटं बॅटनवर मिटताना दिसली की मी मागचं बटण सोडतो, नव्या चेहऱ्यावर चौकट आणतो आणि पुन्हा दाबतो.