होडीवरची गच्ची

गुजरातच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या अलंगला मी गेलो होतो कारखान्याच्या कँटीनसाठी स्टीलची टेबलं बघायला. त्रापजपासून अलंगपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाडे लागतात, म्हणजे फोडलेल्या जहाजांतून निघालेलं सामान विकणारी आवारं. 1983 पासून तिथे जहाजं फोडतात, त्यामुळे कपबशीपासून जनरेटरपर्यंत सगळं मिळतं. एका खाड्यात फ्रिजांच्या रांगेमागे केशरी रंगाची 22 फुटी लाइफबोट पडलेली दिसली. आत पावसाचं पाणी आणि त्या पाण्यात बेडूक. पितळी पाटीवर वर्ष 1984, माणसं 28, रिकाम्या होडीचं वजन 1,640 किलो.

टेबलं राहिली.

बडोद्याला घरी सांगितलं तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "दांडिया बाजारात आपल्याला स्कूटर लावायला जागा नाही." आईला वाटलं मी चेष्टा करतोय. पण बडोदा, भरूच, भावनगर मिळून असे वेडे सात-आठ तरी आहेत. जुनी लाइफबोट घ्यायची, तिच्यावर छोटी केबिन चढवायची आणि नर्मदेत हिंडायचं. या मंडळींतले सगळ्यांत ज्येष्ठ आमचे 'चीफ', मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले चीफ इंजिनिअर, राहणार रावपुरा. होडी ट्रकवरून मकरपुऱ्याच्या शेडमध्ये येण्याआधीच त्यांचा फोन आला : "आधी वजनकाट्यावर घाल रे. बाकी सगळं नंतर."

काट्यावर भरली 2,110 किलो. म्हणजे पाटीपेक्षा 470 किलो जास्त. लाइफबोटीच्या बाकांखालच्या बंद पोकळ्यांत फोम भरलेला असतो. होडी पाण्याने काठोकाठ भरली तरी तिने बुडू नये म्हणून. जुना झाला की हाच फोम पाणी पितो. बाकाला खालून ड्रिलने भोक पाडलं तर चहाच्या रंगाचं पाणी दोन दिवस ठिबकत होतं. तळाला फोड आले होते, ते फोडले की व्हिनेगरसारखा वास यायचा. फायबरच्या थरांत पाणी मुरल्याची ती खूण.

इथे आमच्या मंडळींत दोन तट आहेत. एक तट म्हणतो, फोम काढा, तिथे कपाटं करा, भांडी-अंथरुणं ठेवा. मला हा शुद्ध आचरटपणा वाटतो. होडी तरंगते कशामुळे तेच काढून टाकायचं आणि तिथे कुकर ठेवायचा? मी ओला फोम खरवडून काढला आणि त्याच जागी नवा, पाणी न पिणारा भरला. भांडी आमची क्रेटमध्येच असतात.

फायबरचं काम मे महिन्यात आलं हा माझा मूर्खपणा. बडोद्याच्या 42 डिग्रीत रेझिन डब्यातच घट्ट व्हायला लागायचं, म्हणून पहाटे पाचला शेड उघडायची. मकरपुऱ्यातल्या फायबरवाल्याने पहिल्याच दिवशी तंबी दिली : "साहेब, कोबाल्ट ने हार्डनर भेगा नाही करायचा, भडका उडेल." रेझिन घट्ट करणारी ही दोन्ही रसायनं एकमेकांत थेट मिसळली तर खरंच स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पुरतं मिसळायचं, मग हार्डनर. घासकामाची भुकटी अंगाला लागली की दोन दिवस खाज. त्या महिन्यात बायकोने माझे कपडे वेगळ्या बादलीत टाकायला लावले.

आता इंजिन. दोन सिलिंडरचं, हवेने थंड होणारं, हँडल मारून चालू करायचं लिस्टर डिझेल, इंग्लंडमधल्या डर्स्लीचं. लिस्टर म्हटलं की आपल्याकडे राजकोट. म्हणून मी पिस्टन फडक्यात गुंडाळून राजकोट गाठलं. तिथे भाग मिळतात ते मुख्यतः शेतावर 650 फेऱ्यांवर ठकठकणाऱ्या, पाण्याने थंड होणाऱ्या लिस्टर टाइप इंजिनाचे. दुकानदाराने माझा पिस्टन हातात फिरवला, चहा पाजला आणि परत दिला. शेवटी रिंगा मापाच्या करून घ्याव्या लागल्या.

सिलिंडर मात्र आरशासारखा गुळगुळीत होता. मी खूश झालो. चीफ हसले. जहाजावर लाइफबोटीचं इंजिन दर आठवड्याला निदान 3 मिनिटं चालवायचा नियम आहे. बहुतेक ठिकाणी ते तेवढंच चालतं, तेही ओझ्याशिवाय. म्हणजे वर्षाला जेमतेम अडीच तास आणि 38 वर्षांत फार तर 100 तास. इंजिन झिजलेलं नव्हतं, पण कधी नीट तापलंही नव्हतं. त्याने आतली भिंत चकचकीत होते, तेल धरत नाही, धूर निळा येतो. होनिंग करून तिच्यावर पुन्हा बारीक ओरखडे पाडले तेव्हा कुठे धूर गेला.

याच्या जागी चारचाकीचं मोठं इंजिन घाल, असं सांगणारे पुष्कळ भेटले. पण पाण्यात 20 फूट लांबीचं असं पोट सहा नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी 11 किलोमीटरला, स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकतं. पुढे कितीही ताकद लावा, शेपूट खाली बसते आणि डिझेल जळतं.

माझा स्वतःचा हट्ट वेगळाच होता. केबिनच्या टपावर मला गच्ची हवी होती. संध्याकाळी चांदोदला ओरसंग नर्मदेला मिळते तिथे नांगर टाकायचा आणि चार जणांनी वर बसून चहा प्यायचा. 2023 च्या दिवाळीत जीआय पाइपचा सांगाडा आणि त्यावर प्लायची फळी करून घेतली. वजन 140 किलो. दिसायला फारच देखणी.

मग 18 जानेवारी 2024 ला हरणीच्या तलावात सहलीला आलेल्या मुलांची बोट उलटली. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. माझ्या ऑफिसपासून हरणी काही लांब नाही. त्यानंतर महिनाभर मी शेडला गेलो नाही. आईने एकदाच विचारलं, "तुझ्या पाटीवर 28 माणसं लिहिलीत ना रे?" मी म्हटलं हो. ती पुढे काही बोलली नाही.

ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, रस्त्यांवर मगरी दिसल्या, आणि इतके दिवस हसणारे सगळे फोन करायला लागले : "तुमची होडी काढा की!" इंजिन टेबलावर सुटं पडलं होतं. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

डिसेंबरमध्ये हायड्रा क्रेनने होडी नर्मदेत उतरवली. काठाला दोरांनी बांधून ठेवली आणि चीफनी कलतेपणाची चाचणी घेतली. होडीचं नवं वजन 2,480 किलो. केबिनमध्ये दीड मीटर दोरीचा ओळंबा टांगला, तो हलत राहू नये म्हणून त्याचं टोक तेलाच्या बादलीत सोडलं. मग वाळूची एकूण 100 किलोंची पोती एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला 1.2 मीटर सरकवली. ओळंबा 13 सेंटिमीटर सरकला. मग सांगाडा टपावर चढवला, माणसांच्या जागी वर 300 किलो पोती रचली आणि तेच पुन्हा केलं. 21 सेंटिमीटर. म्हणजे तेवढ्याच वजनाने होडी आता जास्त कलत होती.

चीफनी आकडेमोड करून वही माझ्याकडे ढकलली. "चौघांनी वरून मगर दिसली म्हणून एकाच काठाला धाव घेतली तर होडी 16 अंश कलेल. लाट, वारा अजून धरलेला नाही. तूच सांग."

त्याच संध्याकाळी सांगाडा उतरवला. सध्या तो आमच्या घराच्या गच्चीवर आहे, आईने त्याच्यावर दोडका चढवलाय.

नोंदणीचं थोडक्यात सांगतो. 1917 चा जुना कायदा जाऊन आता 2021 चा इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट आहे. खाड्याचं बिल आणि मूळ पाटी ही दोन कागदी-पितळी रत्नं जपून ठेवा. आमच्या पेंटरने उत्साहात पाटीही रंगवली होती. ती थिनरने पुसेपर्यंत मला घाम फुटला. माणसांच्या रकान्यात मी 6 लिहिले. पाटीवरचे 28 जण म्हणजे जीव वाचवायला खांद्याला खांदा लावून खाली बसलेले. चहा प्यायला आलेले नव्हेत.

पहिल्या फेरीला चांदोदचे नावाडीकाका बरोबर होते. वरून पाणी सुटलं की पातळी बघता बघता बदलते आणि कालची वाळू आज दुसरीकडे असते, ते त्यांनाच कळतं. करनाळीच्या अलीकडे मी फळी उचलून बघितलं तर शाफ्टच्या ग्लँडमधून, म्हणजे पंख्याचा दांडा होडीबाहेर जातो तिथल्या डोरी भरलेल्या बुचातून, पाणी गळत होतं. मी पाना उचलला. काका म्हणाले, "रहेवा दो." चीफचंही हेच म्हणणं : गळती पूर्ण बंद केलीस तर डोरी जळेल आणि शाफ्टला खाचा पडतील, मिनिटाला दोन-चार थेंब पडू देत. मी घड्याळ लावून मोजले. तीन.