तटाच्या आतलं गाव

पन्हाळ्याला मी पाच-सहा वेळा गेलोय, पण दरवेळी किल्ला बघायला. या खेपेला ऑगस्टातल्या एका मंगळवारी गेलो तो गाव बघायला. म्हणजे शाळा, दवाखाना, भाजीवाले, वाळत घातलेले कपडे. मित्रांनी वेड्यात काढलं, ते सोडा.

कोल्हापूर ते पन्हाळा अंतर जेमतेम वीस किलोमीटर. पण पावसाळ्यात स्टँडवर पहिला प्रश्न एकच असतो, "रेडेडोह फुटलाय का?" पंचगंगेचं पाणी तिथं पात्राबाहेर पडलं की केर्लीच्या अलीकडं रत्नागिरी रस्ताच बुडतो. सुदैवानं फुटला नव्हता. वाघबिळापाशी एसटी रत्नागिरीचा रस्ता सोडून चढाला लागली आणि पाच मिनिटांत खिडकीबाहेरचा ऊस धुक्यात गेला.

गाडी थेट गडात शिरते. जिथून शिरते तिथं पूर्वी चार दरवाजा होता. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी तो पाडला. आता त्या वाटेनं दुधाचे कॅन, गॅसच्या टाक्या आणि सहली वर येतात. २०२१ च्या जुलैत हाच रस्ता खचला, तेव्हा गावाची केवढी पंचाईत झाली असेल याचा अंदाज त्या वळणावर उभं राहिल्याशिवाय येत नाही.

जागा मोठी चमत्कारिक आहे. सह्याद्रीतून पूर्वेकडं निघालेल्या एका डोंगररांगेचा हा माथा, समुद्रसपाटीपासून साधारण तीन हजार फुटांवर. उत्तरेला वारणेचं खोरं, दक्षिणेला कासारीचं, शेजारी पावनगड आणि त्याच्या पलीकडं जोतिबाचा डोंगर. वर जांभा, कडेला सरळ तुटलेले कडे. सात किलोमीटरच्या आसपास तट आणि त्यात हे अख्खं गाव. शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं बाराव्या शतकात इथं किल्ला बांधला तेव्हाही कड्यांनीच अर्धं काम केलेलं असणार.

पण जे कडे शत्रूला अडवतात तेच गावालाही अडवतात. २००१ च्या जनगणनेत पन्हाळ्याची लोकसंख्या ३,४५० होती, २०११ मध्ये ३,१२१. वाढायची सोडून घटली! एवढ्या वस्तीला नगरपरिषद आहे, तीही 'गिरिस्थान' या दर्जामुळं. तालुक्याचं गाव हेच, पण खाली वारणेच्या अंगाला असलेलं कोडोली याच्या कितीतरी पट मोठं. सोमेश्वर तळ्याजवळच्या गल्लीतून चालताना सलग चार घरांना कुलपं दिसली. पाचव्या घरावर लॉजची पाटी होती.

तीन दरवाजाकडं जाताना पाऊस वाढला म्हणून एका झुणका-भाकरीच्या टपरीत घुसलो. मावशींनी आधी चुलीजवळचा पाट पुढं केला, मग ऑर्डर विचारली. तव्यावरची भाकरी दोन बोटांनी उचलून निखाऱ्यावर टेकवली, ती टम्म फुगली. सोबत खरडा, मडक्यातलं दही आणि फोडलेला कांदा.

"मावशी, तुम्ही राहायला गडावरच?"

"न्हाई बाबा. खाली वाडीत. सकाळी येतो, दिवे लागायला जातो."

"वर का नाही राहत?"

"वर जागा कुटं हाय? एक खोली वाढवायची म्हटलं तर परवानगीला हेलपाटं. आन् तटाभाईर बांधायचं म्हटलं तर कड्यात बांधू व्हय?"

हसल्या आणि दुसरी भाकरी थापायला घेतली. गेल्या वर्षी जुलैत, म्हणजे २०२५ साली, महाराष्ट्रातल्या आणखी दहा आणि तमिळनाडूतल्या एका किल्ल्यासोबत पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला, तो विषय मी काढला. "व्हय, बोर्ड लागलाय," एवढंच बोलल्या. भाकरी मात्र सोडून बोलल्या नाहीत.

दुपारी अंबरखान्यात गेलो. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं. पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं म्हणतात. आत उभं राहिलं की आपल्याच पावलांचा आवाज घुमतो. सिद्दी जौहरच्या वेढ्यात १६६० साली या तटाच्या आत किती माणसं आणि घोडी चार महिने तग धरून होती, याचा हिशोब मनात सुरू झाला. आजच्या गावापेक्षा तेव्हाच इथं जास्त गर्दी असणार, असं आपलं मला वाटतं. आणि खरं सांगायचं तर शनिवारी-रविवारी आजही असते. फक्त ती मोजणीत येत नाही.

साडेपाचला स्टँडवर आलो. खाली जाणारी गाडी खच्चून भरलेली. कचेरीतले कारकून, कॉलेजची पोरं, टोपल्या रिकाम्या करून निघालेल्या बायका. त्यांच्यात टपरीवाल्या मावशीही, मांडीवर रिकामं मडकं घेऊन. मला बघून त्यांनी सरकून जागा केली. तेवढ्यात कोल्हापूरहून वर येणारी एसटी शेजारी लागली. सहज मोजले. नऊ जण उतरले, त्यातला एक कंडक्टर, चहा प्यायला.