पंधरवड्यापुरती आशा

जुलै २०२२ मध्ये, एकविसाव्या आठवड्यात, माझे पहिले बाळ गेले. पोटात दुखले नाही, कळा आल्या नाहीत. दोन दिवस ओटीपोटात जड वाटत होते आणि पाण्यासारखा स्राव वाढला होता, परंतु गरोदरपणात असे व्हायचेच अशी समजूत करून घेऊन मी साताऱ्याहून आमच्या कार्यालयाच्या कोरेगाव शाखेत नेहमीप्रमाणे कामाला जात राहिले. तिसऱ्या दिवशी पहाटे पाण्याची पिशवी फुटली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत गर्भपिशवीचे तोंड उघडले होते, आणि एवढ्या कमी दिवसांच्या बाळाला वाचवण्याचा उपाय कोणाच्याच हाती नव्हता.

घरी आल्यावर मला पान्हा फुटला. याची पूर्वकल्पना कोणी दिली नव्हती. आई माझी वेणी घालत होती आणि गाऊनचा पुढचा भाग ओला झालेला पाहून तिचा हात वेणीतच थांबला. बाळ गेले तरी शरीर आपले काम करत राहते, आणि पाचव्या महिन्यानंतर असे घडले तर दूध येऊ शकते, हे मला आधी कळले असते तर त्या दुपारी मी इतकी कोसळले नसते. आईने गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, डॉक्टरांनी गोळी दिली आणि आठवड्याभरात ते थांबले. घरी सोडताना रक्तस्राव आणि ताप यांविषयी सांगतात, दुधाविषयी सांगायचे मात्र राहून जाते, म्हणून मी हे मुद्दाम लिहीत आहे.

नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी आणखी एक गोष्ट. तेव्हा लागू असलेल्या प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ मध्ये गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद होती, आणि सव्विसाव्या आठवड्यापर्यंत गर्भ गेला तर तो त्या कायद्याने गर्भपातच धरला जात असे. आमच्या कार्यालयात हे कोणाला ठाऊक नव्हते. माझे पहिले आठ दिवस किरकोळ रजेतून वजा झाले; प्रमाणपत्र जोडून रीतसर अर्ज केल्यावरच ते दुरुस्त झाले.

त्या सहा आठवड्यांत मला सर्वांत अधिक छळले ते कारणांच्या शोधाने. शेजारच्या काकू म्हणाल्या, "एवढी स्कूटी कशाला दामटायची होती?" नात्यातल्या कोणाला मी खाल्लेली पपई आठवली, तर कोणाला गच्चीवर वाळवणे घालण्यासाठी चढलेला जिना. माणसे मायेपोटीच बोलत होती, पण प्रत्येक वाक्याचा अर्थ मला एकच लागत असे, की हे माझ्या हातून झाले. पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी कागदावर गर्भपिशवीचे चित्र काढले आणि तिच्या तोंडाशी दोन समांतर रेघा ओढल्या. हे मुख शेवटच्या महिन्यापर्यंत लांब आणि घट्ट मिटलेले असावे लागते; शंभर गरोदर स्त्रियांत जेमतेम एखादीला ते कळा न येताच आखूड होऊन उघडू लागते, आणि माझ्या बाबतीत सारी लक्षणे तिकडेच बोट दाखवत होती. "याचा स्कूटीशी काही संबंध नाही आणि पपईशीही नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं काही चुकलेलं नाही. पुढच्या वेळी आपण या मुखावर लक्ष ठेवू." तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. माझ्या मनाला पहिला आधार त्या चित्राने दिला.

पुन्हा दिवस राहण्याआधी आम्ही नऊ महिने थांबलो. या काळात थायरॉईड आणि साखर तपासून झाली, गर्भपिशवीच्या आकारात दोष नाही हे सोनोग्राफीत पाहिले गेले, आणि ९.६ वर आलेले हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्यांनी ११ च्या पुढे नेले. गोळी घेतल्यावर तासभर चहा घ्यायचा नाही, ती लिंबाच्या सरबताबरोबर घ्यायची आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यायची, एवढे साधे पथ्य पाळल्याने मोठा फरक पडला. दिवस राहण्यापूर्वी तीन महिने फॉलिक ॲसिडही सुरू केले होते. मन तयार नव्हते, पण शरीराची तयारी करता येत होती, आणि ती करताना मनही हळूहळू मागून येत गेले.

मे २०२३ मध्ये घरच्या चाचणीवर दोन रेघा उमटल्या तेव्हा मला आनंदाआधी भीती वाटली, आणि त्या भीतीची मला लाज वाटली. पहिल्या वेळी आम्ही सगळ्या नातेवाइकांना पेढे वाटले होते; या वेळी दोघांच्या आयांखेरीज कोणालाच सांगितले नाही. दवाखान्यातल्या नव्या फाइलवर परिचारिकेने माझ्या नावापुढे 'जी २, ए १' असे लिहिले. दुसरे गरोदरपण, एक गर्भपात, एवढाच त्याचा अर्थ. मला मात्र त्या 'ए १' कडे पाहून बरे वाटले, कारण ज्या बाळाचा उल्लेख घरात सगळे टाळत होते, त्याची नोंद निदान तेथे तरी होती. तिसऱ्या महिन्यात आईने दार लोटून चोरओटी भरली. खण, नारळ आणि तांदूळ ओटीत घालताना तिचे ओठ हलत होते. ती काय पुटपुटली, हे मी विचारले नाही.

डॉक्टरबाईंनी पर्याय समजावून सांगितले. एकदाच असे घडलेले असल्याने मुख मिटलेले ठेवणारा टाका लगेच न घालता सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी योनिमार्गातून सोनोग्राफी करून मुखाची लांबी मोजायची, रोज रात्री प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची गोळी योनिमार्गात ठेवायची, आणि चोविसाव्या आठवड्याच्या आत लांबी २५ मिलीमीटरच्या खाली गेली तर मात्र टाका घालायचा, असे ठरले. तेव्हापासून माझ्या आशेला एक माप मिळाले. "सगळं चांगलं होईल, चांगलेच विचार कर," असे सांगणारी माणसे पुष्कळ होती आणि त्यांच्या बोलण्याने मी अधिक एकटी पडत असे, कारण मागच्या वेळीही मी चांगलाच विचार केला होता. नऊ महिन्यांची आशा धरण्याचे बळ माझ्यात नव्हते. पुढच्या तपासणीपर्यंतचे पंधरा दिवस मात्र मला पेलवत होते, आणि तेवढेच पेलायचे असे मी ठरवले.

सोळाव्या आठवड्यात लांबी ३६ मिलीमीटर भरली. अठराव्यात ३१. विसाव्या आठवड्यात, सप्टेंबरच्या सुरुवातीला, डॉक्टरबाईंनी पडद्यावर लांबी मोजण्याच्या दोन खुणा तीनदा लावून पाहिल्या आणि तिन्ही वेळा आकडा २३ च्या आसपास आला. मी छताकडे पाहत होते. "घाबरू नका," त्या म्हणाल्या, "आपण याचसाठी मोजत होतो." ते वाक्य ऐकून मला रडू आले, पण ते भीतीचे रडणे नव्हते. मागच्या वेळी हेच घडत असताना मी शाखेत बसून व्हाउचर तपासत होते. या वेळी कोणीतरी ते वेळेवर पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी कमरेत भुलीचे इंजेक्शन देऊन मुखाभोवती बटव्याच्या नाडीसारखा टाका घातला गेला. आदल्या संध्याकाळी डॉक्टरबाईंनी मला सांगितले, की हा उपचार जगाला मुंबईने दिला. मूळचे गोव्यातील शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ मध्ये ही पद्धत मांडली, आणि आजही शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत 'शिरोडकर टाका' हेच नाव छापले जाते. मला घातलेला टाका १९५७ मध्ये मेलबर्नच्या डॉ. मॅकडोनाल्ड यांनी मांडलेल्या सोप्या पद्धतीचा होता. कितीतरी स्त्रिया या टेबलावरून जाऊन आपापल्या बाळांपर्यंत पोहोचल्या असतील, हा विचार त्या रात्री मला झोप देऊन गेला.

टाका घातल्यावर घरच्यांची अपेक्षा होती, की मी पलंगावरून पायही खाली ठेवू नये. डॉक्टरांनी तसे सांगितले नव्हते, उलट सतत पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, म्हणून घरातल्या घरात फिरत राहण्यास सांगितले होते. जड उचलायचे नाही, शरीरसंबंध टाळायचे, बद्धकोष्ठ होऊ द्यायचा नाही, लघवीला जळजळ झाली तर त्याच दिवशी यायचे, आणि स्राव, पाणी किंवा कमरेत लागून येणाऱ्या कळा जाणवल्या तर रात्र असली तरी थांबायचे नाही. स्कूटी मी स्वतःहून बंद केली, ती कारण होती म्हणून नव्हे, मनाच्या शांततेसाठी.

एकविसावा आठवडा सर्वांत कठीण गेला. मी दर तासाला न्हाणीघरात जाऊन कपडे तपासत असे. एका रात्री दोन वाजता मी १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक फिरवला. मानसिक आधारासाठीची ही सरकारी सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. पलीकडच्या ताईंनी मला सल्ला दिला नाही. मागच्या बाळाबद्दल विचारले. सव्वा वर्षात हा प्रश्न विचारणाऱ्या त्या पहिल्याच. मी बोलत राहिले, पोटात नवे बाळ हलत राहिले, आणि दोघांसाठी मनात जागा असू शकते, हे मला त्या फोनवर उमगले. १९ सप्टेंबरला गणपती बसले तेव्हा बाविसावा आठवडा पूर्ण झाला होता.

अठ्ठाविसावा आठवडा नेमका कोजागरीला भरला, आणि त्या रात्री चंद्रग्रहण होते. सासूबाईंनी ग्रहण पाळण्याविषयी विचारले. मी उपाशी राहणार नाही आणि औषधाची वेळ चुकवणार नाही, एवढेच मी म्हणाले. त्या काही वेळ गप्प राहिल्या, मग स्वतःच दूध गरम करून गोळ्यांसह माझ्या हातात देत म्हणाल्या, "तू घे. जप मी करते." त्या रात्री त्या देवापुढे बसून होत्या आणि मी जेवून, डाव्या कुशीवर झोपून होते. आम्ही दोघी एकाच बाळासाठी जागलो, असे मला आजही वाटते.

त्याच सुमारास बाळाच्या हालचाली मोजायला सांगितले गेले: जेवणानंतर कुशीवर पडायचे आणि दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात, न झाल्यास दवाखाना गाठायचा. मी उशाशी दोन वाट्या ठेवल्या. एका वाटीत दहा चिंचोके असत; बाळ हलले, की एक चिंचोका उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचा. बहुतेक दिवशी अर्ध्या तासात वाटी रिकामी होई. एकदा पाऊण तासात तीनच चिंचोके गेले, तेव्हा पूर्ण दोन तास वाट पाहण्याचा धीर मला झाला नाही आणि आम्ही थेट दवाखाना गाठला. तेथे बाळाचे ठोके व्यवस्थित होते. उगाच आल्याबद्दल मी क्षमा मागितली, तर डॉक्टरबाई म्हणाल्या, की उगाच आलेली स्त्री त्यांना उशिरा आलेल्या स्त्रीपेक्षा केव्हाही चालते.

डिसेंबरच्या अखेरीस, सदतिसाव्या आठवड्यात, बाह्यरुग्ण विभागातच भूल न देता टाका काढला. दुखले, पण काही मिनिटेच. स्टीलच्या तबकात पडलेला तो दोरा मी पाहायला मागितला. चार महिने ज्याच्यावर आम्ही सारा भार टाकला होता, तो वीतभरसुद्धा नव्हता.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कळा आल्या, या वेळी खऱ्या, आणि २ किलो ७०० ग्रॅमची मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी पहाटे मला पान्हा फुटला. गाऊन पुन्हा पुढून ओला झाला, आई पुन्हा जवळच होती. तिने काही न बोलता पाळण्यातून बाळ उचलले आणि माझ्या मांडीवर ठेवले.